ओटीतल्या भाकऱ्या

लालबाग, मुंबई १२
रविवार, ता. २६ फेब्रुवारी १९५६

पोरी,

तुझ्या आजीचा आशीर्वाद. आम्ही इकडे धडधाकट आहोत, तूही तिकडे पुण्याच्या मठात दोन वेळा जेवतेस असं धरून चालते. वर तुझं नाव घातलं नाही, त्याचं कारण पुढं येईल. तुमची पत्रं आधी थोरली सिस्टर फोडून वाचते म्हणे. वाचू दे. माझं अक्षर तिला लागलं तर तीच खरी संत.

भायखळ्याच्या सिस्टर मार्थानं सांगितलं की मार्चच्या एकोणीस तारखेला तुला झगा मिळणार, नवं नाव मिळणार, आणि घरचं कोणी आलं तर बरं. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता यायचं तर कुठल्या तोंडानं यायचं, ते ठरत नाही म्हणून हे पत्र. आधी बातम्या ऐक.

तुझा वसंतकाका मोर्चात गेला आणि डोक्याला चार टाके घेऊन आला. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत दाढी करणार नाही म्हणतो. मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, हा आत्ताच बैरागी दिसायला लागलाय. खाणावळ चालू आहे. अठरा मेंबर होते, आता सतरा. धोंडू गेला.

धोंडू तुला आठवत असेल. गिरणीत साच्यावर कापड विणायचा, जेवायला खिडकीपाशी बसायचा, स्वतःचा पापड मोडून तुला द्यायचा. दिवाळीनंतर त्याचं अर्धं अंग गेलं. गावी कोणी नाही, खोलीत आठ जण पाळीनं झोपणारे, बघणार कोण? मीच म्हटलं, भायखळ्याला सिस्टर लोकांचं म्हाताऱ्यांचं घर आहे, तिथं न्या. ज्यांनी माझी नात नेली त्यांच्याच दारात मी त्याला नेऊन ठेवला. मनात म्हटलं, बाटवला तरी आता हा कितीसा बाटणार!

पण तो त्यांचा पाव खाईना. वीस वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेलं तोंड ते. म्हणून दुपारची पंगत उठली की मी रोज दोन भाकऱ्या घेऊन जायची. तिथलं पाणी मात्र कधी प्यायले नाही.

एकदा मी गेले तेव्हा सिस्टर मार्था त्याची पाठ धूत होती. पडून पडून पाठीला जखमा झालेल्या, वास दारापर्यंत. ती गोव्याची बाई, साठीची, गुडघे दुखतात तिचे. गुडघ्यांवर बसून धूत होती आणि त्याला विचारत होती, "धोंडूशेठ, पाणी जास्त गरम तर नाही?" त्याला जन्मात कोणी शेठ म्हटलं नव्हतं. मी भाकऱ्या घेऊन उभी. वीस वर्षं मी त्याला वाढलं, पण कापड घेऊन पुढं हो म्हटलं असतं तर माझा हात पुढं झाला नसता. मी असल्या गोष्टी लपवत नाही.

मग जानेवारीत कर्फ्यू लागला. वसंत म्हणाला, एक दिवस भाकरी नाही गेली तर म्हातारा मरत नाही. म्हटलं, मेला तर? आणि निघाले. तीन भाकऱ्या तव्यावरून काढून ओटीत बांधल्या. पुलाच्या अलीकडे पोलिसानं अडवलं.

"म्हातारे, ओटीत काय? दगड?"

"भाकऱ्या. हात लावून बघ."

त्यानं हात लावला आणि हात तिथंच राहिला. भाकऱ्या गरम होत्या. आदल्या दिवशी पलीकडच्या चाळीतला एक जण पोलिसांच्या गोळीनं गेला होता. शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या. पण ह्या मेल्याचे ओठ उपाशी माणसाचे होते. मी एक भाकरी काढून दिली आणि शिव्याही दिल्या. त्यानं दोन्ही घेतलं आणि मला जाऊ दिलं.

हे मी मार्थाला सांगितलं तर ती डोळे पुसून पुसून हसली. मग हाताला धरून मला एका तसबिरीपुढं नेलं. डोक्यावर मुकुट घातलेली एक राणी, ओच्यात गुलाबाची फुलं, पायाशी भिकारी. म्हणे ही फार जुन्या काळची राजाची मुलगी. दुष्काळात ओच्यातून गरिबांना भाकरी न्यायची. नवऱ्यानं वाटेत अडवून विचारलं, ओच्यात काय? उघडलं तर फुलं. मी म्हटलं, हे काही खरं नाही. माझ्या भाकऱ्यांची फुलं झाली असती तर धोंडूनं काय खाल्लं असतं?

पण पुढचं ऐक. नवरा गेल्यावर तिनं राजवाडा सोडला, रोग्यांसाठी घर बांधलं, आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या जखमा धुतल्या. राजाच्या मुलीनं! तिथं मी तिला हात जोडले. फुलांसाठी नाही, जखमांसाठी.

मार्था म्हणाली, "तुमच्या नातीनं हिचंच नाव मागून घेतलंय. संपात आजी अशाच भाकऱ्या न्यायची, म्हणाली."

ते काही पुण्य नव्हतं. उपाशी मेंबर दुसऱ्या खाणावळीत जातो, म्हणून नेत होते. पण तू लोकांना हे सांगत होतीस, आणि मी इकडे काय करून बसले होते!

धोंडू ह्याच महिन्यात दहा तारखेला दुपारी गेला. बाटवायला कोणी त्याच्यावर पाणी शिंपडतं का, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. कोणी शिंपडलं नाही. मार्थानं मलाच विचारलं, तुमच्यात शेवटी काय करतात? तुळशीपत्र म्हटलं, तर तसली दुखरी ढोपरं घेऊन ती बाजारात गेली आणि तुळस घेऊन आली. त्या दिवशी मी तिथलं पाणी प्यायले.

आता राहिलेलं लिहिते. तू गेलीस त्या सकाळी मी चाळीच्या नळाखाली बसले, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तुझं नाव मोठ्यानं घेऊन आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. तुला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. त्या पाण्याबरोबर ते नाव गेलं. तीन वर्षं ते माझ्या जिभेवर येत नाही, आज कागदावरही येईना. माफी मागायची कशी ते मला कोणी शिकवलेलं नाही.

एकोणीसला मी येते. वसंत सोबत असेल, दाढीसकट. भाकऱ्या आणीन, त्यांची फुलं करू नकोस. आणि ती राणी म्हणे चोविसाव्या वर्षी गेली. तेवढं तिचं घेऊ नकोस, बाकी सगळं घे.

तुझं नवं नाव ताटं घासताना तीन दिवस म्हणून बघितलं. आता जमतं. एलिझाबेथ. ह्या नावानं मी आंघोळ केलेली नाही, आणि करणारही नाही. माझ्या नावानं तू करायची आहेस.

तुझी आजी,
रमाबाई