अडीनडीचं पाणी

१४ जानेवारी

बाळ जन्मतःच गेलं. निकासियाचं – माझ्या धाकट्या बहिणीचं. पाद्री सरोवरापलीकडे, म्हणून अडीनडीचं पाणी – घाईचा बाप्तिस्मा – मीच घातलं. डोक्यावर, तीनदा. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. नाव इलारियो.

संध्याकाळी दफनभूमीत पुरलं. आमच्या आईच्या शेजारी.

१५ जानेवारी

पाणी घातलं तेव्हा तो जिवंत होता का?

१८ जानेवारी

शाळेत लक्ष नाही. वाटेत अनाक्लेतोकाका भेटले. पाद्री नसताना गावात प्रार्थना तेच चालवतात. सहज विचारल्यासारखं विचारलं – जीव गेल्यावर पाणी घातलं तर?

"मग तो बाप्तिस्मा नव्हे बाई, नुसती आंघोळ! बाप्तिस्मा जिवंताचा." मग माझ्याकडे बघून, "का हो?"

म्हटलं, वर्गात मुलांनी विचारलं.

बाळाचं तोंड निळं होतं. हाताला ऊब लागली – पण ती निकासियाच्या अंगाची असेल. ती सारखी विचारत होती, "ताई, हलला ना?" मी म्हटलं, हलला.

२३ जानेवारी

गारा! बटाटा फुलावर होता, सगळा झोडपला. पाणवठ्यावर गावातली मेल्चोरा माझ्या देखत म्हणाली, "बिनबाप्तिस्म्याचं पोर कुठंतरी मातीत आहे. आभाळ उगाच नाही खवळत."

"कुठंतरी काय, ठाऊक आहे की सगळ्यांना!" – दुसरी.

असलं पोर उकरतात. डोंगरापलीकडे नेऊन टाकतात. लहानपणी एकदा पाहिलंय. निकासिया अजून अंथरुणातून उठलेली नाही.

२५ जानेवारी

गावकरी दारात आले. गालात चघळायची कोकाची पानं, खांद्यावर कुदळी. अनाक्लेतोकाकांनी क्रूस पुढे धरला. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमचा शब्द आम्हाला पुरे. पाणी घातलंत तेव्हा पोरात जीव होता?"

"नीट आठवा हो," मेल्चोरा म्हणाली. "आमच्या पोटाचा प्रश्न आहे."

क्रूसावर हात ठेवला. म्हटलं, "होता. रडला."

रडला! हे कुठून आलं तोंडात, देव जाणे.

परत गेले. कुणीतरी निकासियासाठी चीज ठेवून गेलं.

२६ जानेवारी

झोप लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

२ फेब्रुवारी

आज सण, आणि पहाटेच पुन्हा गारा. इलारियोकडे कुणी फिरकलं नाही. बिनबाप्तिस्म्याचं पोर शोधायला लोक बासिलियाच्या परसात खणताहेत. एकोणीस वर्षांची, एकटी राहते. माझ्याच हाताखाली शिकलेली. "तिथं माझं कुत्रं पुरलंय हो!" म्हणून ओरडतेय.

मेल्चोरा तिला म्हणाली, "बाईंनी शपथ घेतलीय. त्यांचं नव्हे, तर मग तुझंच."