सुजेचे कारण

पडेगाव, ९ जानेवारी २०२५

चि. रत्नमाला हिस नानादादाचे अनेक आशीर्वाद.

माझ्या कानांनी फोनशी फारकत घेतल्यापासून तुझी सून सुरेखा नोकरीवरून परतताना आपली पत्रे नेते-आणते. हेही तिच्याच हाती देत आहे, म्हणून पाकीट घट्ट चिकटवले आहे. तुझी शेजारीण साळूबाई सोमवारी शहरात आली असता माझ्याकडे डोकावली. महिनाभर तुझे डोळे रोज सकाळी सुजलेले असतात आणि सून सासूला रडवते असे गाव म्हणते, असे तिने सांगितले.

बत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला माणूस ऐकीव गोष्टीवर निष्कर्ष काढणार नाही. कार्य एक असले तरी कारणे अनेक असू शकतात. जागरण, जेवणातले जादा मीठ, धूळ वा काजळ न मानवणे, डोळ्यांचा संसर्ग, थायरॉइड, मूत्रपिंड, एखादे औषध. प्रत्येकाचे स्पष्ट उत्तर दे. एकेक वगळून जे उरेल ते खरे. ते रडणेच ठरले, तर तुझ्या शिवराजला बोलावून त्या दोघांच्या वेगळ्या चुलीचा विषय मला काढावा लागेल.

पेरू दौलताबादचे आहेत. खाली नेहमीची गुडघ्याची पुडी आहे. दिवाळीपासून तुला उतार आहे, याचे समाधान वाटते. मला रागावण्याचा तुझा हक्क तू सोडू नयेस, ही विनंती.

नानासाहेब

*

फुलंब्री, १३ जानेवारी

ती. नानादादा यांस रत्नमालेचा शि. सा. नमस्कार.

अक्षर सुरेखाचं बघून दचकू नका. पापण्या इतक्या फुगतात की रेघ दिसत नाय. तुमचं पत्रही तिनंच वाचून दाखवलं. वेगळ्या चुलीपाशी आली तरी ती थांबली नाय. मीच म्हणाले, बास कर. तर म्हणाली, मामांनी उत्तर मागितलंय, पुरतं ऐका.

तर ऐका. जागरण नाय. नऊ वाजता माझं घोरणं सुरू होतं, शिवराजला विचारा. लोणचं सुरेखानं कधीच वरच्या फळीवर चढवलंय. काजळ घातलं ते लग्नात शेवटचं. खाज नाय, लाली नाय. थायरॉइडचं रक्त तिनंच तपासून आणलं, बरोबर निघालं. डॉक्टरचं औषध एकही चालू नाय. मूत्रपिंडाचं मला काय कळणार? लघवीला लई फेस येतो, पण भावाला का लिहायची गोष्ट आहे ही? चुलीपाशी न थांबलेली सुरेखा, हे लिहिताना मात्र थांबली.

साळूबाईचा टीव्ही बिघडलाय, म्हणून ती आमच्या घरात बघत बसते. पेरू पोचले, अगदी तळापर्यंत. या धाकट्या बहिणीवर माया आहे ती कमी करू नका.

रत्नमाला

*

पडेगाव, १६ जानेवारी

चि. रत्नमाला हिस आशीर्वाद.

उत्तरे पोचली. परंतु जिच्यावर आरोप आहे तिच्याच अक्षरातली साक्ष मी प्रमाण मानू शकत नाही. बहुतेक कारणे गळाली. फेसाचे मला विशेष वाटत नाही. औषध तर तू घेतच नाहीस. उरते ते रडणे. रविवारी शिवराजला माझ्याकडे पाठव. मी तुझ्याच बाजूने बोलतो आहे, एवढे मनात असू दे.

नानासाहेब

*

फुलंब्री, १८ जानेवारी

ती. मामा यांना सुरेखाचा सा. न. वि. वि.

उद्या हे येणार नाहीत, म्हणून मी लिहिते. फेसाचं ऐकलं आणि संक्रांत झाल्या झाल्या रजा टाकून आईंना तपासायला नेलं. लघवीतून प्रथिनं जात आहेत, सूज त्याचीच आहे. डॉक्टरांनी पाय दाबला तर बोटाचा खळगा तसाच राहिला. लुगड्याखालचे ते पाय आम्ही कुणी पाहिलेच नव्हते. दुखण्याच्या गोळ्या घेता का, असं त्यांनी तीनदा विचारलं. आई तीनदा नाही म्हणाल्या.

घरी येऊन मी पेरूंची पिशवी रिकामी केली, तर तळाशी तुमची ती गुडघ्याची पुडी निघाली.

डॉक्टरांना का सांगितलं नाही, असं विचारलं, तर आई म्हणाल्या, दादानं पाठवलेलं ते माहेरचं, ते कुणी औषधात धरतं का? दिवाळीपासून रोज दोन, मला न दाखवता, कारण मी डॉक्टरकडे ओढीन ही भीती. बहुधा याच गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा झाली, असं डॉक्टर म्हणतात. गोळ्या बंद केल्या आहेत, सावरण्याची आशा आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तुम्हीही त्या घेत असाल, तर स्वतःला तपासून घ्या.

राग नाही असं लिहिणार नाही. आहे. पण तुमची पत्रं मी आणत राहीन.

सुरेखा

*

पडेगाव, ११ फेब्रुवारी

चि. सौ. सुरेखा हिस अनेक आशीर्वाद.

तीन आठवड्यांत तू तीनदा दाराशी येऊन पत्र आहे का विचारलेस, आणि तिन्ही वेळा मी नकारार्थी मान हलवली. काल तू काही विचारले नाहीस. स्वतःच्या पापण्यांवरून बोटे हळूच खाली उतरवून सूज ओसरल्याची खूण केलीस, आणि तपासणीचा कागद पुढे केलास. प्रथिने निम्म्याने कमी झाली आहेत. तू गेल्यावर मी बराच वेळ दार लावले नाही.

कारणे शोधताना मी तुझे घर धुंडाळले आणि माझे वगळले. देणारा हात माझा होता, म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहावे हे मनाला शिवलेच नाही. माझ्या डॉक्टरांनी मला पाच दिवसांपुरती लिहून दिलेली गोळी मी बहिणीला महिनोन्महिने पुरवली. आम्ही एका आईची लेकरे, तेव्हा गुडघेही एकसारखे, हा माझा तर्क. विद्यार्थ्याने हे लिहिले असते, तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. माझी तपासणी निर्दोष निघाली. त्याचा मला आनंद झाला नाही.

वेगळ्या चुलीचे वाक्य मी मागे घेतो. येत्या रविवारी फुलंब्रीला येऊन, सूज कोणाच्या पुडीने आली हे साळूबाईच्या ओट्यावर बसून सांगेन. मला ऐकू येत नसल्याने आवाज मोठाच लागेल. गावाची सोय होईल.

पिशवीत फक्त पेरू आहेत. तळापर्यंत हात घालून पाहा. लोभ असावा असे लिहिण्याचा अधिकार सध्या माझ्याजवळ नाही. तो परत मिळाला, तर मागेन.

हे पत्र रत्नमालेला वाचून दाखव. आता तिला अक्षर दिसते, तरीही तूच वाच. आणि मागच्या वेळेसारखीच, मध्ये थांबू नकोस.

नानासाहेब