झाकण उघडलं तेव्हा

प्रिय बोक्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, एका डोळ्यानं वाचताना त्रास नको. सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाहीये. चहा केला, तोही गार झाला.

आधी बातमी. आपले अणू जमले! इतके गार केले की सगळे मिळून एकच लाट असल्यासारखे वागू लागले. मग लेसरच्या उभ्या-आडव्या किरणांची आपली ती जाळी लावली, अंड्यांच्या ट्रेसारखी, खळग्याखळग्यांची. प्रकाश मंद होता तोवर अणू या खळग्यातून त्या खळग्यात बिनधास्त फिरत होते आणि पडद्यावर ठिपक्यांची नक्षी लख्ख होती. प्रकाश वाढवत नेला, खळगे खोल झाले, एकेक अणू आपापल्या जागी बसला आणि नक्षी पुसली गेली. जीव मुठीत धरून प्रकाश पुन्हा उतरवला, तर नक्षी परत हजर! तू वर्षभर हेच सांगत होतास. मी एकटीच किंचाळले. सर धावत आले, म्हणाले, "लगेच पेपर लिहायला घे." त्यांनी तुझं नावसुद्धा काढलं नाही. मला मात्र तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना.

उद्या तुझ्या अपघाताची चौकशी आहे. "लेसर चालू असताना त्यानं डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा काढलाच कसा?" हेच जो तो विचारतो. तूही दवाखान्यात तेच घोकत होतास, माझाच गाढवपणा म्हणून.

आता नीट वाच. आज दुपारी आरसा पुसायला मी, चष्मा लावूनच, लेसरच्या पेटीचं झाकण उघडलं. झाकण उघडलं की लेसर आपोआप बंद होतो, या भरवशावर तर तू चष्मा काढला होतास. पण लेसरचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा शून्यावर आलाच नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, नाहीतर तुलाही कळलं असतं. पेटीमागे वाकून पाहिलं, तर झाकणाच्या स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून जोडलेल्या, म्हणजे झाकण उघडलं तरी लेसर चालूच. सरांना विचारलं. म्हणाले, "प्रयोग सारखा बंद पडायचा. तो रजेवर होता तेव्हा मीच जोडल्या. तुझी डिग्री तोंडावर आलीय, कशाला उकरतेस?" मी फोटो काढलेत. उद्या समितीसमोर सगळं सांगणार आहे. डिग्रीचं काय व्हायचं ते होवो, भीती वाटतेय हे खरं. पण परक्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं: बोक्या, तुझी चूक नव्हती रे.

तुझीच,
कटकटी मैत्रीण