नाही म्हणालात तरी चालेल

४ जून
आजपासून रोज पहाटे उठून आकडेमोड. आमच्या नव्या वाणाचा, मी स्वतः गावात फिरून केलेला सर्व्हे हाती आला. जवळजवळ सगळे शेतकरी म्हणतात, हो, पेरला. ऑफिसात आजवर कुणाच्या वाणाला एवढे होकार मिळालेले नाहीत. फोन करून सौ.ला सांगितलं. चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेली, त्याला आता बरेच महिने झाले. हे आकडे मांडायचे त्या सेमिनारच्या आधी परत येशील ना, विचारलं. हो म्हणाली.

९ जून, सकाळ (उशिरा)
किरकोळ अडचण. वाण पेरणाऱ्यांचं आणि न पेरणाऱ्यांचं उत्पादन अगदी सारखं आलंय. कारण जमीन असावी. किंवा पाऊस. दोन्ही मॉडेलमध्ये घातली. फरक शून्य. मॉडेलला थोडा वेळ द्यायला हवा.

१२ जून
सौ. येणार म्हणून तिच्या कपाटातले माझे कागद बाहेर काढले. ठेवायला जागा सापडेना. पलंगावर तिच्या बाजूला ठेवले. तात्पुरते.

१५ जून
डायरेक्टरसाहेबांनी आलेख पाहून कपाळाला हात लावला. बियाणं गोदामात तसंच पडून आहे, मग यांनी पेरलं काय, असं विचारलं. पुन्हा गावात जाऊन या म्हणाले. माणसाला दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१८ जून
गावात गेलो. पहिल्याच घरातल्या काकूंना म्हटलं, शेत दाखवा. त्या ओशाळल्या. वाण पेरलाच नव्हता. मागच्या वेळी म्हणे मी तासभर बसून, घरी कुणी नाही, बोलायला माणूस नाही, हेच सांगत होतो. (मी त्याला विश्वास संपादन करणं म्हणतो.) म्हणाल्या, "तुमचा चेहरा बघून नाही म्हणवेना हो, साहेब." गावभर हेच झालेलं.

जागच्या जागी प्रश्नावली सुधारली. आधी सांगायचं, "नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही." मग प्रश्न. घरोघरी लोक मोकळेपणाने नाही म्हणाले. दोघांनी तर आमचा वाण फुकट दिला तरी नको म्हणून सांगितलं. उत्तम डेटा.

२० जून
सेमिनार रद्द. वाण बाद. पण पद्धत साहेबांना पटली. एवढी चांगली पद्धत नुसत्या शेतीत अडकवून ठेवणं बरं नव्हे, असं वाटलं.

दुपारी सौ.ला फोन केला. नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही, हे आधी सांगितलं. मग विचारलं, परत येणार आहेस का.

ती म्हणाली, "नाही हो. कधीचं सांगायचं होतं. तुमचा आवाज ऐकला की हो निघून जायचं तोंडून."

धन्यवाद म्हणून फोन ठेवला. सवयीने.

पद्धत अचूक आहे. फक्त प्रश्नाआधीचं ते वाक्य खोटं आहे. फार वाईट वाटलं.