शेरवानीवरचा शिपाई

बाबा, आज मी भांडून आले. भर प्रदर्शनात, आवाज चढवून, पाच-पंचवीस लोक वळून बघत असताना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हळू, छावणीपर्यंत ऐकू जाईल." जाऊ दे. आज मला हळू बोलायचंच नव्हतं.

तुम्हाला हे खरं वाटणार नाही, पण आता कपड्यांचंही प्रदर्शन भरतं. घालायचे नाहीत, विकत घ्यायचे नाहीत, नुसते बघायचे. इथल्या एका नव्या संग्रहालयात कुणा मोठ्या फॅशन डिझायनरचे कपडे मांडलेत. सूनबाई मागे लागली, "आई, चला ना! तुमच्या बाबांचं पण हेच काम होतं ना?" मी म्हटलं, माझे बाबा महूला फौजी वर्द्या शिवायचे, फॅशन नाही. तरी गेले. गेल्यावर आधी शिवण बघितली, ती सवय काही सुटत नाही. शिवण चांगली होती. कॉलर जिथल्या तिथे बसलेली, अस्तर कुठे ओढलेलं नाही. वाईट काम असतं तर मी हसून घरी आले असते.

शेवटच्या दालनात लग्नाचे कपडे होते. मधोमध एका पुतळ्याला काळी शेरवानी घातलेली, आणि तिच्या छातीवर मेडलं. नकली नाहीत, खरी. रंग उडालेल्या फितींसकट ओळीनं टाचलेली, जशी इतर शेरवान्यांवर जरीची नक्षी लावावी तशी. खाली पाटीवर डिझायनरचं नाव ठळक अक्षरांत आणि त्याखाली, 'पुरानी चीज़ों को नई ज़िंदगी'. चीज़ें! माझं डोकं तिथेच फिरलं.

परेडच्या आधी तुमच्या दुकानात पेन्शनर यायचे, मेडलं नव्या फितीवर टाचून घ्यायला. मी स्टुलावर बसलेली असायचे, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून मेडल माझ्या हातात द्यायचात. कडेवर कोरलेलं वाचून झाल्याशिवाय सुईत दोरा जायचा नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. इंग्रजी अक्षरं मी शाळेआधी त्या कडांवर शिकले. एकदा मैत्रिणी बाहेर हाका मारत होत्या म्हणून मी नंबर आणि हुद्दा वाचून मेडल ठेवून दिलं. तुम्ही हात थांबवलात. "अर्धाच माणूस वाचलास? नंबर तर पलटणीच्या खेचरालाही असायचा." आवाज चढवला नव्हता तुम्ही. पण मैत्रिणी निघून गेल्या आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तर त्या दालनात उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं, "ये किसके हैं?"

"मैम, डिज़ाइनर का नाम बोर्ड पर है ना."

"कोट का नहीं पूछ रही. मेडल किसके हैं?"

"वो तो विंटेज हैं आंटीजी, बाज़ार से लिए हैं."

"पलटाकर देखो, किनारे पर नाम लिखा होगा."

"छूना मना है."

"मुझे मना है. तुम तो छू सकती हो?"

सूनबाई माझा पदर ओढत होती. "आई, सोडा ना, लोग देख रहे हैं." बघू देत की, बघायलाच आलेत. मग मॅनेजर आला. दाढी नीट कातरलेला, फार गोड बोलणारा. म्हणाला, "मैम, ये एक ट्रिब्यूट है."

"किसको?"

त्यानं शेरवानीकडे हात केला. मी आपल्या महूच्या बोलीत म्हटलं, "भिया, बिना नाम के तो चिट्ठी भी नहीं पहुँचती, ट्रिब्यूट कैसे पहुँचेगा?" मागे कोणीतरी हसलं. त्याला ते लागलं असावं. त्यानं हातमोजे मागवले आणि पहिलं मेडल उलटून त्याची कड माझ्यासमोर धरली. मी वाकून वाचलं, मोठ्यानं आणि पूर्ण. शिपाई. आपल्या आजोबांचीच पलटण. आडनाव आपल्या वस्तीत कोणत्याही दारावर सापडेल असं. ते इथे लिहीत नाही, आधी त्या पाटीवर लागू दे.

मी सांगितलं, पाटीवर डिझायनरच्या नावाशेजारी हे नाव लावा, नाहीतर मेडल उतरवा. तो म्हणाला, "आप इनकी फैमिली से हैं? फैमिली कहे तो हम कुछ कर सकते हैं. ऐसे तो कोई भी आकर बोलेगा." बघा बाबा! ज्यानं छातीवर मिळवलं त्याचं मेडल नवरदेवाच्या कोटावर लावताना कुणाच्या घरी विचारायला गेले नव्हते. आणि नाव लावायचं म्हटलं की नातं पाहिजे!

"हाँ," मी म्हटलं. "मेरे दादाजी हैं."

सूनबाईच्या तोंडाचा आ झाला. मॅनेजर मात्र एकदम सरळ उभा राहिला. सॉरी म्हणाला, पाणी मागवलं, माझा फोन नंबर घेतला. पाटी बदलू म्हणाला. बाकीच्या मेडलांच्या कडाही वाचून घेऊ म्हणाला. वर आणखी, "दादाजी का एक फोटो मिल जाए तो साथ में लगा देंगे."

सूनबाईनं गाडी काढली. मग म्हणाली, "आई, फोटो कुठून आणणार?" मी म्हटलं, गाडी चालव.

मी खोटं बोलले बाबा, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन. त्याची खंत नाही. या वयात मला आणखी एक आजोबा झाले तर कुणाचं काय बिघडतं? तुमच्यासमोर मात्र हे बोलायची हिंमत झाली नसती, म्हणून कागदावर लिहिते आहे, आणि हा कागद कुठे धाडायची सोय नाही हेच बरं.

एक राहिलं. घरी आल्यावर मी आपल्या आजोबांचा वर्दीतला फोटो चौकटीतून काढला. पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. मग तेच पाकीट फाडून फोटो परत बाहेर काढला. देणार नाही. त्या माणसाला आता कुठे त्याचं नाव मिळतंय, त्यावर दुसऱ्याचा चेहरा कशाला? पण पाकीट चिकटवलं होतं, हे खरं आहे.