कोपराखालची गादी

मामा,

आज पेशंटला आत घेण्याआधी मी पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर पालथा झोपलो. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, कोपराखाली कापसाची छोटी गादी. कुठे टोचतंय का, ते पाहिलं. आता उतरताना गुडघे कुरकुरतात. थकलोय मी. नवी सिस्टर हसून म्हणाली, "सर, हे कुठे शिकलात?"

तुम्ही थिएटरमधले वॉर्डबॉय. पेशंट उचलायचात, उशा लावायचात आणि आधी स्वतः झोपून पाहायचात. ऐंशीच्या दशकात मी बाहेरून नवं तंत्र शिकून वर्ध्याला आलो. बाकीचे डॉक्टर पेशंटला कुशीवर झोपवून वीतभर चिरायचे. मी पालथं झोपवून पाठीतल्या बोटभर छिद्रातून मुतखडा काढायचो. त्याचा मला भलताच तोरा होता. हिंगणीची ती बाई आठवते? तिला भूल दिलेली. एक्स-रेच्या यंत्राला जागा हवी म्हणून मी तिचा हात डोक्याकडे ओढून ठेवला. तुम्ही हळूच म्हणालात, "साहेब, कोपर लोखंडावर आलं जी. थांबा, गादी आनतो. झोपेत हाय, तिले सांगता येत नाई." मी म्हणालो, "मामा, तुम्ही तुमचं काम करा." ते तुमचंच काम होतं.

खडा छान निघाला. पण कोपरातली नस दबली होती. संध्याकाळी तिची करंगळी आणि शेजारचं बोट हलेना. नवरा सारखा विचारत होता, "आता कापूस कसा येचन ही?" विभागाच्या मोठ्या सरांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "हात कोणी ठेवला होता?" मी खाली पाहत राहिलो. तुम्ही म्हणालात, "उशा मीच लावतो, साहेब." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही धोबीखान्यात. व्हरांड्यात भेटलात की एवढंच विचारायचात, "बाईचे बोटं आले का जी वापस?" वेचणीचा हंगाम गेल्यावर बोटं हलायला लागली. मी तुम्हाला सांगितलं. "मंग झालं," म्हणालात आणि चादरींची गाडी ढकलत निघून गेलात. त्या दिवशी बोलायला हवं होतं. मग तुम्ही रिटायर झालात, मग गेलातच. मोठे सरही गेले. आता सांगायला कुणी उरलं नाही.

हे पत्र खणातच राहील. सिस्टरला काय उत्तर दिलं, तेवढं लिहितो. म्हणालो, "ही माझीच पद्धत आहे."