डावऱ्याचं कार्ड

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पुढचं वाचून झाल्यावर त्यातले किती शिल्लक राहतात ते तूच बघ.

सोबत यंदाच्या हंगामाचा अंदाज. जो शेवटचा आला त्याने पुढच्या हंगामाआधी चारही संघांचं भविष्य लिहायचं, हा बाबांचा नियम. हरलेल्याला निदान तोंडसुख तरी मिळावं म्हणून. या माणसाने जन्मात बेसबॉलचा सामना पाहिला नाही. रद्दीतल्या एका पुस्तकावरून, घड्याळं दुरुस्त करता करता, पुठ्ठ्याची कार्डं आणि दोन फासे घेऊन अख्खी लीग उभी केली. पण हा नियम मात्र अगदी माणसं ओळखून केला. बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच शेवटची आले.

काकांचा संघ: कंपाउंडरकी सुटली तरी मोजून डोस द्यायची सवय सुटत नाही. एकाही पिचरला पाच डावांवर फेकू देत नाहीत. तिसरे येतील.

आत्याचा संघ: पोहायला शिकवते तशीच खेळवते, सगळ्यांना एकदम पाण्यात ढकलून. दुसरी, नाहीतर चौथी.

माझा संघ: बॅटवाले बरे, पिचर एकही धड नाही. एक होता, तो तू नेलास.

तुझा संघ: गतविजेता म्हणे! गेल्या वर्षी अंदाज लिहायची पाळी तुझी होती. बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि तू साळसूदपणे लिहिलंस की माझ्या त्या पिचरचं, डावऱ्याचं, कोपर संपलंय, ताईने वेळीच दुसरं कोणी घ्यावं. मी बावळट, तुझे दोन होमरनवाले घेऊन डावऱ्या तुला दिला. बाबांसारखाच डावखुरा, बाबांनी स्वतःसाठी बनवलेला, कार्डावर पेन्सिलने काढलेला त्यांचाच हात, आणि जाताना त्यांनी माझ्या स्वाधीन केलेला. त्याने तुला चौदा सामने जिंकून दिले. माझ्या तोंडाला पानं पुसलीस, धाकट्या.

आता ऐक. लीगचे जुने कागद मी महिन्यापूर्वी आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात नेले. बाबांच्या आठवणीसाठी त्यांचं एक जाड पुस्तक करावं म्हणून. त्यात गेल्या वर्षीचा वयाच्या फाशांचा तक्ता होता. चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी दरवर्षी चिटणिसाने फासे टाकायचे. दोन एक्के पडले की खेळाडू निवृत्त, आणि मालकाने कार्ड फाडायचं. चिटणीस तूच. डावऱ्यापुढे तू सात लिहिलेत. तीस वर्षं कागद हाताळतेय मी, ब्लेडने खरवडलेला कागद माझ्या बोटांना कळतो. खिडकीशी धरला तर खाली दोन एक्के.

म्हणजे आधी मला फसवून कार्ड घेतलंस, मग फासे फिरल्यावर तेही फिरवलेस. हातच्या काकणाला आरसा कशाला? विजेतेपद रद्द व्हावं, कार्ड माझ्याकडे परत यावं, आणि चारही घरांना तुझी लबाडी कळावी. हा अंदाज काका आणि आत्यालाही धाडलाय. उट्टं काढल्याशिवाय मी राहणार नाही.

राग निवळेपर्यंत तुझी नसलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लिफ्ट दुरुस्त करता करता डक्टमध्ये, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधे बसून वाचलं. खालून हाका आल्या म्हणून वेळेत उतरलो. नाहीतर वरच बसून राहिलो असतो.

खरवडलं मीच. विजेतेपद घे, दोन्ही होमरनवालेही ठेव. अंदाजात मला हवं तेवढं धोपट, पुढची दहा वर्षं धोपट. फक्त त्या फाशांचं प्रकरण लीगचे पंच म्हणून काकांकडे निवाड्याला नेऊ नकोस. कार्ड माझ्याकडेच राहू दे. कारण विचारू नकोस. मी तुझ्याकडे आजवर हट्ट असा केला नाही, हा एक पुरव.

भावजी सुट्टीला आलेत ना? त्यांना नमस्कार, भाचीला पापा.
तुझ्या शिव्यांनाही पात्र,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, नियमापुरते.

हट्ट म्हणे केला नाही! लहानपणी माझी सायकल, मग माझी खोली, आता डावऱ्या. कारण विचारू नको म्हणणाऱ्याकडेच कारण असतं, एवढं मला कळतं. मी काकांकडे गेले. चष्मा पुसून त्यांनी दोनदा तुझं अक्षर वाचलं आणि विचारलं, धाकट्याशी आधी बोललीस का. मी म्हटलं, बोलण्यासारखं त्याने काही ठेवलेलं नाही. ते म्हणाले की नियम लावला तर तो सगळ्यांना लागतो, नंतर माघार नाही. मी म्हटलं, मला तेच हवंय.

निकाल त्यांच्या सहीसकट सोबत आहे. अदलाबदल रद्द. कार्ड मला परत. आणि खरे पडलेले फासे कायम: ते पडले त्या दिवशी कार्ड ज्याचं होतं, त्याने ते भोगावेत. शेवटचं कलम मी मुद्दाम घालून घेतलं. एक्के तुझ्या माथी पडलेत, ते तुझ्याच माथी राहोत. डावऱ्याला तू मुकलास, माझ्याकडे तो खेळत राहील.

कार्ड दुमडू नकोस. पुठ्ठा लावून पाठव.
ताई

२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड पाठवलंय, दोन पुठ्ठ्यांच्या मधे.

तू पुस्तक बांधताना कागदांच्या कडा मशीनवर कापल्या असशील, तुझी ती सवयच आहे. तक्त्याची तारीख मी नेहमी अगदी वरच्या कडेला लिहितो. ती तुझ्या कातरणाच्या टोपलीत गेली. माझ्याकडे कार्बन कॉपी आहे, तीही पाठवतोय. फासे टाकले चार फेब्रुवारीला. अंदाज मी लिहिला चौदाला. कार्ड तू दिलंस एकवीसला.

म्हणजे एक्के पडले तेव्हा डावऱ्या तुझाच होता, ताई.

मी एकटाच टेबलाशी होतो. फासे पुन्हा उचलून टाकावेत असंही मनात आलं, पण बाबांचे फासे, हात होईना. तुला काय लिहिणार होतो? चार महिन्यांपूर्वी बाबांना पोचवून आलेल्या बहिणीला कळवू, की आता त्यांचा हातही स्वतःच्या हाताने फाड? म्हणून सात लिहिले. पण तू बाइंडर, एक ना एक दिवस खरवडलेलं ओळखशीलच. तेव्हा लबाडी निदान माझ्या घरात असावी, म्हणून कोपराची थाप मारली आणि कार्ड काढून घेतलं. तो चौदा सामने जिंकेल असं मला कुठे माहीत होतं? वाटलं होतं, हरेल, बाकावर बसेल, कोणाच्या लक्षात येणार नाही.

आता निकालावर काकांची सही आहे आणि कलम तुझं. ते बदला असं मी त्यांना सांगू शकत नाही. तू सांगून बघशील का?
तुझा, तुला नको असलो तरी,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काकांना काही सांगितलं नाही. नियम लावा म्हणून मीच छाती पुढे काढून गेले होते, आता कुठल्या तोंडाने जाऊ?

पण नियम मीही वाचलाय. कार्ड हंगामाच्या पहिल्या दिवशी फाडावं, एवढंच बाबांनी लिहिलंय. दिवसात केव्हा, ते नाही. पहिला सामना काल होता, माझा आणि तुझा, फासे माझ्या घरी. आमच्या कारखान्यातली शिलाईवाली साक्षीला बसवली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण आकडे मोठ्याने वाचते. मी डावऱ्याला उतरवलं. नऊच्या नऊ डाव त्यानेच फेकले. तुझ्या संघाचे अकरा स्ट्राइक आउट. दोन-एक. गतविजेत्यांची सुरुवात पराभवाने झाली, तक्त्यात लिहून घे, आणि या वेळी ब्लेड लांब ठेव.

मग मी कटरवर न कापता हाताने फाडलं. शिलाईवालीने मला पाणी दिलं. मी बराच वेळ रडले, तिच्यासमोरच, आणि ती बिचारी समजली की मी सामना हरले.

तुला माफ केलेलं नाही. लबाडीचं काही वाटत नाही, तसली मीही केली असती. पण वर्षभर तू मला तुझ्यावर रागवत ठेवलंस. सकाळी उठून पहिला विचार तुझ्या नावाने बोटं मोडण्याचा. हे वर्ष बाबांचं होतं रे. ते मी तुझ्यावर घालवलं. त्याचा सूड मी घेणार आहे, सावकाश, दरवर्षी, अंदाजात.

नियमाप्रमाणे अर्धं कार्ड चिटणिसाकडे जातं. आकड्यांची उजवी बाजू पाठवतेय. हात मी ठेवलाय.

तुझी,
ताई